वाडीच्या पायऱ्या

आपल्याकडील पुष्कळ देवस्थानें उंचावर आहेत. जेजुरीचा खंडोबा घ्या, वणीची सप्तशृंगी घ्या, किंवा आमच्या पुण्याची पर्वती घ्या. देवाच्या भेटीला जावयाचें म्हणजे चढावें लागतें, दम लागतो, आणि वर पोहोंचल्यावर आपण कांहीं तरी मिळविलें अशी धन्यता मनाला वाटते. नृसिंहवाडीस, म्हणजे लोकांच्या तोंडच्या नरसोबाच्या वाडीस, याच्या उलट प्रकार आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांत, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर हें दत्तक्षेत्र वसलें आहे. येथें देव खालीं, नदीच्या अगदीं कांठाशीं आहे, आणि भक्तानें घाटाच्या पायऱ्या उतरून त्याच्याकडे जावयाचें आहे. बरोबर अडीच वर्षांचें मूल असेल तर चढण्यापेक्षां उतरणेंच कठीण, हें आमच्या वाचकभगिनींना निराळें सांगावयास नको. चढतांना मूल थकून कडेवर येतें. उतरतांना तें कडेवर येत नाहीं, हात धरूं देत नाहीं, आणि प्रत्येक पायरी त्याला स्वतःच उतरावयाची असते.

गेल्या पौषांत आम्ही वाडीला गेलों. निमित्त होतें आमच्या बाळाच्या बोलण्याचें, किंवा खरें म्हणजे न बोलण्याचें. दोन वर्षांच्या सुमारास मूल ५० च्या आसपास शब्द बोलतें आणि दोन शब्द जोडूं लागतें, असा सर्वसाधारण अंदाज तज्ज्ञ देतात. आमच्या चिरंजिवांस अडीच वर्षें पुरीं झालीं तरी त्यांच्यापाशीं शब्द होते चार, आणि त्यांतील तीन केवळ घरच्यांनाच कळत. बोलतां येत नाहीं म्हणून मनांतलें सांगतां येत नाहीं, सांगतां येत नाहीं म्हणून संताप येतो, आणि संताप आला कीं जमिनीवर लोळण, हा क्रम दिवसांतून पांच-सहा वेळां ठरलेला. एकत्र कुटुंबांत अशा वेळीं उपायांची वाण पडत नाहीं. आत्याबाई म्हणत, "जरा धाक दाखवा." थोरल्या जाऊबाई बिस्किट पुढें करीत. पुतण्या मोबाईलवरचीं गाणीं लावून देई. सासूबाई म्हणत, "याचा बाप तरी कुठें लवकर बोलला? तीन वर्षें पुरीं होऊं देत, मग कान किटतील तुमचे." आणि मी रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या शेजारच्या घरांतील मुलाचे शब्द मोजीत असें.

मार्गशीर्षांत आम्ही त्याचे कान तपासून घेतले. बोलण्यास उशीर लागणाऱ्या मुलाची श्रवणपरीक्षा आधीं करावी आणि मग इतर तर्क करावे, अशी वैद्यकाची रीतच आहे. कारण ज्या मुलाला नीट ऐकूं येत नाहीं तें बोलणार कशाच्या आधारावर? परीक्षेंत दुखण्यासारखें कांहीं नव्हतें. कानाच्या तोंडाशीं एक मऊ बूच बसवून हवेचा किंचित् दाब देतात आणि पडदा किती हलतो तें यंत्र टिपून घेतें. आमच्या बाळाचे पडदे दोन्ही कानांत जेमतेम हलत होते. त्यांच्या मागें पाणी सांचलें होतें. लहान मुलांत कान आणि घसा यांना जोडणारी नळी आंखूड व आडवी असते. सर्दीपडशानंतर ती नीट उघडेनाशी होते आणि पडद्यामागचा द्रव तेथेंच राहतो. पाण्यांत बुडी मारली असतां कांठावरचें बोलणें जसें ऐकूं येतें, तसेंच कांहींसें या मुलांना घरांतलें बोलणें ऐकूं येत असतें.

मी औषधाच्या चिठ्ठीची वाट पाहत होतें. डॉक्टरीणबाईंनीं लिहून दिलें तें एवढेंच, कीं तीन महिने थांबावें आणि फाल्गुनांत पुनः तपासावें. पुष्कळ मुलांत हें पाणी आपोआप ओसरतें; न ओसरल्यास पडद्यांत बारीकशी नळी बसवितां येते. तोंवर बाळाच्या समोर बसून, आपल्या तोंडाकडे त्याला पाहूं देऊन, सावकाश बोलत जावें. घरांत तंबाखूचा धूर नको. मोबाईलहि दूर असावा; दोन वर्षांच्या मुलास दिवसाकाठीं एका तासाहून अधिक पडदा दाखवूं नये, आणि कमी तितकें बरें, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालींच दिलेला आहे. शिवाय बाळाचा प्रत्येक नवा शब्द एका वहींत टिपून ठेवावा.

"थांबा" हें औषध फार कडू असतें. सासूबाईंनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "तीन महिने नुसतें घरांत बसून काळजी करण्यापेक्षां वाडीला जाऊन येऊं." मामंजींचे गुडघे दुखत असल्यामुळें ते घरीं राहिले. सासूबाई, हे, मी आणि बाळ अशीं आम्ही निघालों.

पुण्याहून कोल्हापूरकडे जाणारी आगगाडी जेजुरी, नीरा, लोणंद, सातारा, कऱ्हाड अशीं स्टेशनें घेत मिरजेस येते. वाटेंत घाटांतले बोगदे लागतात. अंधार झाला कीं बाळ खिदळे, आणि उजेड आला कीं अंधार पुनः हवा म्हणून रडे. बोगदा मागें गेला हें त्याला समजावणार कसें? शेवटीं सासूबाईंनीं आपला पदर त्याच्या डोक्यावरून घेतला आणि प्रश्न सुटला. त्या पदराच्या बोगद्यांतच आमचा निम्मा प्रवास झाला. मिरज सोडल्यावर कृष्णेचा पूल लागतो. सासूबाईंनीं खिडकींतून नदीला हात जोडले. त्यांचें पाहून बाळानेंहि जोडले. जयसिंगपुरास उतरून उसाच्या फडांमधून १५ किलोमीटरांच्या आसपास रस्ता काटला, कीं वाडी येते.

दुसरे दिवशीं सकाळीं दर्शनास निघालों. पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी, फुलें आणि खेळणीं यांच्या दुकानांमधून घाटाकडे वाट जाते. मोठ्या माणसाला ही वाट पांच मिनिटांची. आम्हांस पाऊण तास लागला. प्रत्येक दुकानापुढें थांबणें झालें, प्रत्येक कुत्र्याची चौकशी झाली. घाटावर पोहोंचल्यावर बाळानें चार पायऱ्या उतराव्या, दोन चढाव्या, पुनः उतराव्या, असा क्रम मांडला. ह्यांनीं त्याला उचललें मात्र, तोंच त्यानें अंग टाकून दिलें आणि आकाश-पाताळ एक केलें. येणारे-जाणारे पाहूं लागले. कोणी म्हणालें, "फार हट्टी दिसतो." मी त्याच्या शेजारीं पायरीवर बसलें. बोललें नाहीं, ओढलें नाहीं, आमिष दाखविलें नाहीं. सासूबाई दोन पायऱ्या वर बसून जप करूं लागल्या. त्यांची अर्धी माळ झाली असेल नसेल, तोंच हुंदके थांबले आणि एक ओला हात माझ्या मांडीवर आला. मग उरलेल्या पायऱ्या त्यानें माझें बोट धरून उतरल्या.

वाडीच्या गाभाऱ्यांत पूजा होते ती पादुकांची. श्रीनृसिंहसरस्वती येथें १२ वर्षें राहिले आणि गाणगापुरास जातांना औदुंबरातळीं या मनोहर पादुका ठेवून गेले, अशी परंपरा आहे. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा आणि कोल्हापुराकडून येणारी पंचगंगा यांचें पाणी पावसाळ्यांत चढूं लागलें, कीं तें पायऱ्या गिळीत देवळांत शिरतें. पादुकांवरून वाहून तें दक्षिणेच्या दारानें बाहेर पडूं लागतें, तेव्हां त्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या दाराशीं स्नान करण्यास दूरदूरचे लोक येतात. म्हणजे इतरत्र जी आपत्ति, तिचा येथें उत्सव होतो. तरी आपत्ति ती आपत्तिच. २००५, २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांत या तालुक्यांतील गांवेंच्या गांवें पाण्याखालीं होतीं.

घाटावर वाडीचेच एक वृद्ध गृहस्थ भेटले. पूर येतो तेव्हां देवाचें कसें होतें, असें सासूबाईंनीं त्यांना विचारिलें. ते म्हणाले, "आजी, पाणी चढलें कीं उत्सवमूर्ति वर न्यायची. आणखी चढलें तर आणखी वर न्यायची. उतरलें कीं गाळ काढायचा, धुवून घ्यायचें, पुनः खालीं यायचें. नदीशीं भांडून चालत नाहीं आणि तिच्यावर रुसूनहि चालत नाहीं. पूजा तेवढी चुकवायची नाहीं." हें त्यांनीं इतक्या सहजपणें सांगितलें, कीं आपण कांहीं विशेष सांगितलें असें त्यांच्या ध्यानींहि नसावें.

मला मात्र तें घरगुती शहाणपण फार मोलाचें वाटलें. अडीच वर्षांच्या मुलाचा संताप हाहि एक पूरच असतो. मनाला आवर घालण्याची शक्ति मेंदूंत फार सावकाश येते, विशी उलटली तरी तिची वाढ चालूच असते, असें शास्त्र सांगतें. जी शक्ति मुलाजवळ अजून आलेलीच नाहीं, ती त्यानें दाखवावी म्हणून आपण त्याच्यावर ओरडतों. त्यापेक्षां आपणच दोन पायऱ्या वर सरकून बसावें, आणि पाणी ओसरलें कीं निमूटपणें गाळ काढावा. नित्याची पूजा, म्हणजे त्याच्याशीं बोलणें, त्याला जवळ घेणें, वेळेवर निजविणें, एवढी चुकवूं नये.

दुपारीं सासूबाईंनीं बाळाला मांडीवर घेऊन दत्तजन्माची कथा सांगितली. सत्त्व पाहण्यास आलेल्या तीन देवांचीं अनसूयेनें तीन बालकें केलीं, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. मी म्हटलें, "सासूबाई, बालकें केलीं इथपर्यंत ठीक. पुढें तिघांना एकदम सांभाळलें कसें, तें पुराणांत कोठें लिहिलें आहे का?" त्या मनापासून हंसल्या. मग त्यांनीं नरहरीची गोष्ट काढली. विदर्भांतील कारंजा गांवीं माधव आणि अंबा यांच्या पोटीं जन्मलेला हा मुलगा, म्हणजेच पुढचे श्रीनृसिंहसरस्वती, जन्मतःच ॐकार बोलला, आणि त्यानंतर मुंजीपर्यंत दुसरा शब्द बोलला नाहीं. मुंजींत आईनें भिक्षा घातली तेव्हां त्याच्या मुखांतून वेदमंत्र निघाले, असें गुरुचरित्रांत सांगितलें आहे. आतां सासूबाई म्हणणार, पाहा, उगीच तपासण्या कशाला, अशी माझी मनांत तयारी होती. परंतु त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या माउलीच्या हातीं वाट पाहण्याखेरीज दुसरें कांहीं नव्हतें ग. तुझ्या हातीं आहे. फाल्गुनांतली तारीख चुकवूं नकोस. मीहि येईन बरोबर." आमच्या घरांत श्रद्धा आणि तपासणी यांचा जो अबोला महिनाभर चालला होता, तो त्या वाक्यानें मिटला.

रात्रीं पालखी निघाली. करुणात्रिपदी झाली, पदें झालीं. बाळ सासूबाईंच्या कडेवर होता. त्या म्हणूं लागल्या कीं तो आपला तळहात त्यांच्या गळ्यावर ठेवी आणि त्यांच्या ओठांकडे टक लावून पाही. दुसरे दिवशीं सकाळीं संगमावर नाव पाहून त्यानें बोट दाखविलें आणि "ना!" असा उद्गार काढिला. सासूबाई म्हणाल्या, "नाव म्हणाला!" हे म्हणाले, "नको म्हणाला. त्याला बसायचें नाहीं." वाद अद्याप मिटलेला नाहीं. मीं वहींत "ना" एवढेंच लिहून ठेविलें आहे. अर्थाची जागा कोरी सोडली आहे.

हें लिहीत असतां फाल्गुन अजून लागावयाचा आहे. कानांतलें पाणी ओसरलें कीं नाहीं तें तेव्हां कळेल, आणि त्याप्रमाणें पुढचें ठरेल. तोंवर रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याच्यासमोर बसून भाजी निवडतें आणि प्रत्येक शेंगेचें नांव सांगतें. अमुक दिवशीं तो बोलेल अशी हमी देवाकडून घेणें म्हणजे श्रद्धा, असें मला वाटत नाहीं. उत्तर येवो न येवो, आजचें बोलणें आज करावें आणि उद्यांचें उद्यां, याला मी श्रद्धा म्हणतें. आणि धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणें नव्हे. जें तपासावयाचें तें वेळेवर तपासून मग निवांत बसणें होय. ज्या घरांत मूल उशिरां बोलत असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं नवस अवश्य बोलावा, पण कानांची तपासणीहि त्याच महिन्यांत उरकून घ्यावी. देवाला त्यांत कांहीं कमीपणा वाटणार नाहीं.

ज्यांना लहान मुलांसह वाडीस जावयाचें असेल त्यांनीं पावसाळा टाळून थंडीचे दिवस निवडावे. पायऱ्या ओल्या असतात, म्हणून मुलाचें बोट सोडूं नये. परततांना कवठाची बर्फी घ्यावी; ती आंबटगोड असते आणि मुलें आवडीनें खातात. मुख्य म्हणजे हातांत एक दिवस मोकळा ठेवावा. मूल आपल्या पावलांनीं उतरणार असेल, तर घाईचा दिवस घेऊन वाडीला जाऊं नये.