झू खोऱ्यांतील सोंवळें

स्वित्झर्लंडच्या व्हो परगण्यांत, फ्रान्सच्या सरहद्दीलगत, ज्युरा पर्वताच्या कुशींत सुमारें सव्वातीन हजार फूट उंचीवर झू नांवाचें खोरें आहे. घड्याळांच्या कारागिरीसाठीं तें जगभर प्रसिद्ध आहे. परंतु आम्ही शरद ऋतूंत तेथें गेलों, तें 'व्हॅशरँ मों-दोर' नांवाचें मऊ चीज कसें होतें तें पाहण्यासाठीं. ऑगस्टच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतच तें करितात.

दूध बेताचें तापवून गोठवितात, साच्यांत घालतात व भोंवतीं स्प्रूस वृक्षाच्या सालीचा पट्टा गुंडाळतात. पुढें अडीच-तीन आठवडे तें गार तळघरांत लांकडी फळ्यांवर मुरतें. या काळांत त्यास वरचेवर उलथावें व मिठाच्या पाण्यानें पुसावें लागतें. दूध गोठविण्यास वासराच्या जठरांतील रस लागतो, म्हणून आम्हीं तें चाखलें नाहीं. रानाच्या ओल्या सुगंधावरच समाधान मानिलें.

या सुगंधामागें एक शोकाची हकीकत आहे. १९८३ ते १९८७ या काळांत पश्चिम स्वित्झर्लंडांत लिस्टेरिया जंतूंमुळें १२२ माणसें आजारी पडलीं व तीसांहून अधिक दगावलीं. गर्भवती स्त्रिया, नवजात अर्भकें व वृद्ध यांस या जंतूचें भय विशेष. खाल्ल्यावर रोग प्रकट होण्यास कित्येकदां आठवडे लोटतात. त्यामुळें कारण लवकर उमगलें नाहीं. अखेर १९८७ सालीं रुग्णांच्या शरीरांत व या चीजवर एकाच जातीचा जंतु आढळला, आणि विक्री थांबविण्यांत आली. तळघरांतील फळ्या व पुसावयाचे ब्रश यांवरही तो सांपडला. जो हात मायेनें चीज पुसत होता, तोच नकळत संसर्ग पसरवीत होता!

आतां परीक्षा चालते ती अशी. पंचवीस ग्रॅम चीज पोषक द्रवांत कालवून सुमारें एक दिवस तीस अंश उष्णतेंत ठेवितात, म्हणजे थोडे जंतु असल्यास वाढतात. तो द्रव पुन्हां दुसऱ्या द्रवांत व शेवटीं खास थाळीवर पसरितात. निळसर-हिरव्या ठिपक्यांभोंवतीं पांढुरकें वलय दिसलें, कीं संशय बळावतो. मग आणखी चांचण्यांनीं खात्री करितात. एवढ्या नमुन्यांत जंतु मुळींच नसावा, हा नियम.

हा धंदा बुडाला नाहीं. २००३ सालीं या चीजच्या नांवास सरकारी संरक्षणही लाभलें. परीक्षेनें परंपरा मोडली नाहीं, उलट तिजवरील विश्वास परत आणिला.

आपल्या घरोघरीं सोंवळ्याचा मान मोठा. परंतु हा जंतु वासानें वा रंगानें ओळखूं येत नाहीं, आणि शीतकपाटाच्या थंडींतही हळूहळू वाढतो. म्हणून घरांत गर्भवती सून वा लेक असेल, तर तिला असें मऊ चीज कच्चें देऊं नये, आणि दूध नीट उकळूनच द्यावें. न दिसणाऱ्या विटाळाचीही दखल घेणें, हेंच आजचें खरें सोंवळें होय.