कार्ड बदलावे काय?

वस्तू जुनी झाली हे ठरवावयाचे कोणी? छत्री गळू लागली, जोड्याचा तळ झिजला किंवा कपाटाला वाळवी लागली, म्हणजे ती ती वस्तू आपले वार्धक्य आपल्याच तोंडाने सांगते. परंतु माझ्या टेबलाखालच्या संगणकात जे ग्राफिक्स कार्ड आहे, ते गळत नाही, झिजत नाही, कुरकुरतही नाही. तरी ते जुने झाले असा निकाल त्याच्याविषयी चोहोंकडून लागलेला आहे. हा निकाल मानावा की न मानावा, या प्रश्नाने गेले दोन महिने माझा पिच्छा पुरवला आहे. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने असल्या गोष्टीवर एवढा खल करावा, याचे ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावे. मलाही ते मधूनमधून येते.

संगणक मूळचा माझा नव्हे, कन्येचा. २०१७ साली महाविद्यालयात असताना तिनेच सुटे भाग आणून तो जुळवला. पुढे नोकरीनिमित्त ती पुण्यास गेली आणि सासरी गेलेल्या मुलीची पेटी माहेरी राहावी, तसा तो कसबा बावड्याच्या घरी राहिला. पहिली काही वर्षे मी त्याच्यावर प्रश्नपत्रिकाच काढीत होतो. मग एका शनिवारी तिने पुण्याहून मला ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग खेळावयास शिकवले. हा खेळ १९९९ सालचा. २०१९ मध्ये त्याला नवा रंग दिलेला. तेव्हापासून दर शनिवारी रात्री नऊ वाजता ती तिकडे व मी इकडे बसून गावे वसवितो, शेते नांगरतो, तट बांधतो आणि शेवटी दोघे मिळून कोणाच्या तरी राज्यावर चालून जातो. एरवी फोनवर “जेवलात का?” आणि “हो, तू?” यापलीकडे न सरकणारे आमचे बोलणे, या लाकूडतोडीत तासभर सहज चालते. नोकरी सोडण्याचा तिचा विचार मला प्रथम कळला तो घोडदळाची जुळवाजुळव चालू असताना. समोरासमोर बसून तो तिने सांगितला असता असे मला वाटत नाही.

आता तिच्या मित्रमंडळींनी ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ हा २०२५ च्या फेब्रुवारीत निघालेला खेळ धरला आहे. “बाबा, तुम्हीही या की आमच्यात,” ती म्हणाली, “पण तुमच्या कार्डावर तो चालायचा नाही.”

हे कार्ड करते तरी काय? माझ्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके आहेत. म्हणजे एकूण वीस लाखांहून अधिक. तो पडदा सेकंदाला साठ वेळा नवे चित्र दाखवितो. हा हिशेब सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांवर जातो, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग कोणीतरी ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या हुशार कारकुनासारखा आहे. अवघड काम तो करील, पण एका वेळी थोडेच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ऊसतोडीची टोळी. माझ्या जीटीएक्स १०६० कार्डात असे १२८० गडी आहेत. प्रत्येकाचे काम साधे, पण सारे एकदम आपापल्या सरीत उतरतात. २०१६ साली हे कार्ड बाजारात आले तेव्हा ही टोळी चांगलीच मोठी समजली जाई. आमच्या शनिवारच्या खेळाला ती आजही पुरून उरते. त्या खेळासाठी याहून भारी कार्ड आणले तर ते सेकंदाला दोनशे चित्रे काढील. पण पडदा त्यांतली साठच दाखवील, आणि उरलेली कोणाच्याही दृष्टीस पडावयाची नाहीत.

नव्या खेळाची गोष्ट वेगळी. आमच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याच्या दोन पातळ्या ठरलेल्या आहेत: ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. खेळ काढणारेही तशाच दोन रेषा आखून देतात, एक ‘किमान’ आणि दुसरी ‘शिफारस केलेली’. या खेळाची किमान रेषा जीटीएक्स १६६० या कार्डावर आहे. माझे कार्ड तिच्याखाली. म्हणजे मी कोरडाच. बरे, शिफारशीच्या रेषेवरही साठ चित्रांचे जे आश्वासन आहे, त्यातली काही चित्रे खेळाने रेखाटलेली नसतात. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये यंत्र एक स्वतःच्या कल्पनेने घुसडते. जुन्या पोथ्यांतले प्रक्षिप्त श्लोक हुडकण्यात ज्यांची दृष्टी गेली, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

शिवाय कार्डाच्या कंपनीनेही पाठ फिरविली आहे. ज्या पिढीला तिने पास्कल या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचे नाव दिले होते, तिच्यासाठी नव्या खेळांना अनुरूप अशी ड्रायव्हरची सुधारणा २०२५ च्या ऑक्टोबरात थांबली. सुरक्षिततेपुरती डागडुजी २०२८ पर्यंत चालेल.

आम्हा कोल्हापूरकरांना मात्र यंत्राच्या नवेपणाने भारून जाणे शोभत नाही. बाबूराव पेंटर यांनी याच शहरात स्वतःचा कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. १९२५ चा त्यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट. तोच विषय त्यांनी १९३६ साली पुन्हा बोलपट म्हणून केला. यंत्र अकरा वर्षांनी पुढे गेले होते, पात्रांना वाचा फुटली होती. पण चित्रपटाच्या इतिहासात मानाने नाव घेतले जाते ते पहिल्याचे. (दुकानदार मला बिनव्याजी हप्ते समजावून सांगत होता, तेव्हा त्या चित्रपटाचे नावच मला अधिक आठवत होते.) हा दाखला मी बरेच दिवस उगाळला. शेवटी ध्यानात आले की तो येथे लागू पडत नाही. मला चित्र अधिक चांगले दिसावे असा माझा आग्रहच नाही. बोलावणे आले आहे ते चित्र पाहण्याचे नव्हे.

चार्ल्स लॅम्बच्या १८२३ मधील ‘ओल्ड चायना’ या निबंधातली ब्रिजेट म्हणते की, गरिबीत एखादा ग्रंथ घ्यावा की नाही यावर आठवडेच्या आठवडे केलेला विचार हाच त्या खरेदीचा आनंद होता. दोन महिन्यांत मी तो पुरेपूर उपभोगला. वापरलेले कार्ड स्वस्त मिळते. परंतु २०२१ च्या सुमारास अशी कितीतरी कार्डे आभासी नाणी खणण्यासाठी रात्रंदिवस राबविली गेली आणि २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचे ते खणणे बंद पडल्यावर विक्रीस निघाली. टोळीतला गडी किती राबला आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून तो मार्ग मी सोडला. प्रोसेसरही किमान रेषेखाली भरला. सुदैवाने माझ्या बोर्डाच्या त्याच खोबणीत पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसतो. दुकानदाराने अर्थातच याहून मोठे कार्ड सुचविले. मी आरटीएक्स ४०६० वर थांबलो. ते २०२३ चे, म्हणजे तेही नवे नव्हेच. पण त्याला वीज लागते ११५ वॅट, माझ्या जुन्याला १२०. गडी दुपटीहून अधिक आणि भाकरी मात्र थोडी कमीच. घराच्या अंदाजपत्रकात तीस हजारांच्या घरातला हा आकडा कोठे बसवावा, याचा वाद सौभाग्यवतींशी झाला, त्यांनी एकच विचारले, “शनिवारी बोलणं होणार ना?”

कन्येच्या त्या मंडळींत मी किती दिवस टिकेन, आणि तिचे बोलावणे अगत्याचे की नुसत्या सौजन्याचे, हे विकत घेतलेल्या कार्डावरून कळणार नाही. तिच्या चार मित्रांच्या देखत ती नोकरीविषयी बोलेल काय, हाही प्रश्नच आहे. म्हणून मी एक अट घातली, की महिन्यातून एक शनिवार जुन्या खेळाचा व दोघांचाच. “चालेल, बाबा,” असे ती म्हणाली खरी, पण ते जरा घाईने.

काल रात्री संगणकाचे झाकण काढून पाहिले. जुन्या कार्डाला सहा दातांची तार लागते, नव्याला आठ. वीजपेटीतून आलेल्या तारेला आठ दात आहेतच. सहा आत बसलेले होते आणि उरलेले दोन, आठ वर्षांची धूळ अंगावर घेऊन, शेजारी मोकळे लोंबत होते.