नामदेव माळ्यांची बाग

छत्रपती संभाजीनगरातल्या बीबी का मकबऱ्याचा तट एके काळी एका लेखकाच्या घराचेही कुंपण होता. उर्दूचे संशोधक आणि कोशकार मौलवी अब्दुल हक (१८७०–१९६१) याच आवारातल्या बंगल्यात राहत, आणि बागेची देखरेखही त्यांच्याकडे होती.

उस्मानपुऱ्यातून क्रांती चौक, मिल कॉर्नर असे करत खाम नदी ओलांडली की पाणचक्की, बेगमपुरा आणि मग मकबरा लागतो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली. तिची ही कबर १६६०–६१ च्या सुमाराची. दारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपत राय ही बांधणाऱ्यांची नावे आहेत. ताजमहालाशी तुलना करून बहुतेक प्रवासी परततात, आणि बाग बघायची राहून जाते. सुमारे ४५८ बाय २७५ मीटरचे हे आवार चारबागेच्या रीतीने आखलेले आहे.

निजामाच्या शिक्षण खात्यात असलेल्या अब्दुल हकांनी १९१२ पासून अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार पाहिला आणि तिचे ठाणे या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, आणले. ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ मध्ये इथूनच निघाले. मुल्ला वजहीच्या ‘सबरस’सारखे जुने दख्खनी ग्रंथ त्यांनी संपादून छापले.

मकबऱ्यातल्या बंगल्यात त्यांच्या टेबलासमोरच्या खिडकीतून नामदेव माळी दिसत. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतले हे माळी रोपापुढे बसून आळे साफ करीत, पाणी घालीत, फांद्या नीट लावीत, मग मागे सरत सरत त्याच्याकडे बघून हसत. त्यांना मूलबाळ नव्हते. झाडांनाच ते लेकरे मानीत. एका वर्षी पाऊस फारच कमी झाला. विहिरी आटल्या, तेव्हा त्यांनी लांबून, रात्रीसुद्धा, डोक्यावर घडे वाहिले. पाण्यात निम्मा चिखल असे. बाकीची बाग करपली, त्यांचा ताटवा हिरवा राहिला. इनाम देऊ केले तर त्यांनी घेतले नाही; आपल्या लेकरांना वाढवण्याचे कसले इनाम, असे त्यांचे म्हणणे.

पुढे त्यांची नेमणूक शाही बागेत झाली. तिथे एकदा मधमाश्या उठल्या. बाकीचे माळी पळाले, नामदेव मात्र कामात गढलेले होते. त्या डंखांनीच ते गेले.

अब्दुल हकांनी त्यांच्यावर लिहिलेले व्यक्तिचित्र ‘चंद हमअस्र’ या संग्रहात आहे. त्यात मोठमोठ्या विद्वानांच्या आणि मुत्सद्द्यांच्या पंक्तीला या माळ्याला बसवले आहे, आणि तो मान सर्वस्वी रास्त आहे. १९३८ च्या सुमारास अंजुमन दिल्लीला गेली. फाळणीनंतर अब्दुल हक कराचीला स्थायिक झाले. मकबऱ्याच्या बागेतल्या नामदेवांचा धडा पाकिस्तानातल्या मुलांनीही शाळेत गिरवला.