हाताला उत्तर देणारे वाद्य

वाद्याची निवड ही पूर्वी एकट्याने करावयाची बाब नव्हती. बाजाची पेटी आणावयाची असो की तबल्याची जोडी, ज्याला सुराची वा लयीची समज आहे असा कुणी जाणता सोबत नेला जाई. तो वाद्याला हात लावी, कान जवळ नेई, एखाददुसऱ्या वेळी नकारार्थी मान हलवी, आणि त्याचे समाधान झाल्यावरच दुकानदाराशी भावाची बोलणी सुरू होत. माळव्यात, बडोद्यात, ग्वाल्हेरीस स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांतून हा रिवाज पुष्कळ काळ टिकला. आज मात्र घरात येऊ घातलेले वाद्य अनेकदा असे असते की त्याविषयी सल्ला द्यावयास वडीलधाऱ्यांपैकी कुणीच समर्थ नसतो. नातवंडे पडद्यावर चित्र दाखवितात, किंमत दाखवितात, आणि निर्णय आजीआजोबांच्या बचतीपाशी येऊन थांबतो. इलेक्ट्रॉनिक ड्रमचा संच हे असेच एक वाद्य. ते निवडण्याचा प्रसंग गेल्या वर्षी आम्हां उभयतांवर आला. त्या निमित्ताने जे पाहिले, विचारले आणि पारखले, ते आपल्यासारख्या इतर घरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमची नात बारा वर्षांची आहे. चिरंजीव नोकरीनिमित्त परगावी गेल्यापासून मुलीचे बोलणे कमी झाले आहे. शाळेच्या वाद्यवृंदात ड्रम वाजविताना तेवढी ती खुलते, असे सूनबाई सांगतात. तिच्या शिक्षकांनी एके दिवशी स्पष्टच सांगितले, की हात चांगला आहे, पण आठवड्यातील एका तासावर हात तयार होत नाही. घरी सराव नसेल तर पुढील वर्षी ती जागा दुसऱ्या मुलास द्यावी लागेल. ही गोष्ट मुलीने पंधरा दिवस कुणाजवळही काढली नाही. आम्हांस ती कळली तेव्हा ‘ड्रम घ्यावा की न घ्यावा’ हा प्रश्न उरलाच नाही. कोणता घ्यावा, एवढाच उरला.

इंदुरातील आमचे घर जुन्या बांधणीचे. माडीवर आमचे बिऱ्हाड, आणि खाली थोरल्या वहिनी. अर्धांगाच्या झटक्यापासून त्या अंथरुणास खिळलेल्या आहेत. रात्री झोप लागत नाही, दुपारी काय डोळा लागेल तेवढाच. मधली जमीन लाकडी. या घराच्या वाटणीच्या वेळी जे शब्द बोलले गेले ते विसरावयास दोन्ही बिऱ्हाडांना वीस वर्षे लागली, आणि आता कुठे जिन्याचे दार दिवसभर उघडे राहू लागले होते. खऱ्या ड्रमचा आवाज सहज शंभर डेसिबलच्या वर जातो. तसा ड्रम माडीवर आणणे म्हणजे ते दार आपल्या हाताने लावून घेणे. म्हणून इलेक्ट्रॉनिक संच. ठेवीच्या व्याजातून त्यासाठी पंचावन्न हजार रुपये बाजूस काढले. जे काही लागेल ते एवढ्यातच बसवावयाचे, असे ठरले.

या वाद्याची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ड्रमच्या जागी वाटोळी पॅड असतात. पॅडखाली एक लहानशी चकती असते. दाब पडला की तिच्यातून सूक्ष्म विद्युत्दाब निर्माण होतो. पदार्थांचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधला. आघात जेवढा जोराचा, तेवढा हा दाब अधिक. मॉड्यूल नावाची पेटी तो मोजते आणि साठविलेल्या आवाजांपैकी योग्य तो आवाज योग्य त्या जोराने हेडफोनमध्ये पाठविते. वाद्ये आणि संगणक यांनी परस्परांशी बोलावयाची ‘मिडी’ ही भाषा १९८३ साली प्रचारात आली; तीत आघाताचा जोर १ ते १२७ अशा अंकांनी सांगितला जातो. म्हणजे बोटभर उंचीवरून टेकविलेली काठी आणि खांद्यापासून हाणलेली काठी यांच्यामध्ये शंभरावर पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या पॅडला खरोखर कळतात का, यावरच वाद्याचा कस लागतो.

दुकानात मात्र या पायऱ्यांविषयी कुणी बोलत नाही. तेथे आवाजांची संख्या सांगितली जाते. या संचात दोनशे आवाज, त्यात चारशे. यात इतके संच साठविलेले, त्यात तितकी गाणी. आम्ही दोघेही प्रथम त्या आकड्यांनी दिपून गेलो. मग आमच्या ध्यानात आले, की या दुकानात आमच्यासोबत एक जाणता आहे, आणि तो आमचे बोट धरून आला आहे. आम्ही खुर्च्यांवर बसलो आणि मुलीला म्हटले, “बाळ, तू वाजवून सांग.”

तिने आवाज बदलण्याची बटणे पाहिलीदेखील नाहीत. एकाच पॅडवर ती अगदी हळू काठी टेकवू लागली आणि हळूहळू जोर वाढवीत नेला. पहिल्या स्वस्त संचावर आवाज काही वेळ उमटलाच नाही, आणि उमटला तो एकदम मोठा. ती म्हणाली, “आजोबा, याला हळू बोललेलं ऐकूच येत नाही.” आम्हांस वाटते, नवशिक्याच्या वाद्याची याहून नेमकी परीक्षा दुसरी नसावी. शिकणाऱ्याचा हात अजून कच्चा असतो. त्याच्या चुका आणि त्याची प्रगती, दोन्ही बारीक असतात. ज्या वाद्याला बारीक फरक कळत नाही, ते या दोहोंवरही पांघरूण घालते. मूल वर्षभर वाजविते आणि हात होता तेथेच राहतो. गुंडाळून ठेवता येणारे रबरी ड्रम काही हजारांत मिळतात. त्यांचा मोह पुष्कळ घरांस पडतो. खेळणे म्हणून ते वाईट नव्हे, परंतु काठीला उसळी नाही आणि पायाला खरा पेडल नाही, अशा वस्तूवर सराव होत नाही.

उसळीचा प्रश्न जुना आहे. इंग्लंडच्या सिमन्स कंपनीने १९८१ साली षट्कोनी पॅडांचा संच काढला, तो गाजलाही फार. पण त्याची पॅड इतकी टणक होती की वादकांची मनगटे दुखू लागली. पुढे रबराची पॅड आली. जपानच्या रोलंड कंपनीने १९९७ साली ताणलेल्या जाळीचे पॅड आणले, आणि काठीला चामड्याच्या जवळ जाणारा स्पर्श मिळाला. त्या काळी ही चैन व्यावसायिक वादकांपुरती होती. आज नवशिक्यांच्या संचांतही जाळी मिळते. जाळीचा आणखी एक गुण असा, की काठीची बाहेर ऐकू येणारी टकटक रबरापेक्षा तिच्यावर कमी होते. तबल्याचे गठ्ठे हातोडीने खालीवर करावेत तसा जाळीचा ताण चावीने कमीअधिक करता येतो, हे पाहून तर आम्हांस ओळखीचे माणूस भेटल्याचा आनंद झाला.

शेवटी दोन संच उरले. यामाहाच्या डीटीएक्स ४०२ मालिकेतील एक. त्याची पॅड रबरी, आणि पायाखाली ठोका न मारणारा पेडल, म्हणजे जमिनीस धक्का फार कमी. दुसरा अलेसिसचा नायट्रो मॅक्स. त्याची पॅड जाळीची, मधले स्नेअरचे दहा इंची, टॉम आठ इंची, आणि पायासाठी खऱ्या ड्रमसारखा ठोका मारणारा पेडल. खऱ्या स्नेअरचा व्यास बहुधा चौदा इंच असतो. म्हणून मधले पॅड जेवढे मोठे तेवढे बरे, असे शिक्षकांचे मत पडले. मुलीच्या हातांनी दुसरा संच निवडला. वहिनींच्या झोपेने पहिला निवडला असता. येथे आम्ही दोन दिवस अडून राहिलो.

इलेक्ट्रॉनिक ड्रम नि:शब्द असतो हा समज खरा नव्हे, हे प्रत्येक घराने पैसे देण्यापूर्वी जाणून घ्यावे. हातांचा आवाज हेडफोनमध्ये जातो. पायाचा ठोका मात्र जमिनीत उतरतो, आणि लाकडी जमीन तो खालच्या खोलीत पोहोचविते. गालिचा किंवा रबरी चटई एवढ्याने तो पुरता थांबत नाही. यावर वादकांमध्ये रूढ असलेला एक साधा उपाय आहे. प्लायवुडच्या दोन फळ्या घ्यावयाच्या, खालच्या फळीत अंतराअंतराने गोल छिद्रे पाडून त्यांत टेनिसचे चेंडू बसवावयाचे, आणि वरची फळी त्या चेंडूंवर ठेवावयाची. तिच्यावर सारा संच. ठोका चेंडूंत जिरतो. आमच्या सुताराने एका दिवसात हा चौथरा करून दिला. तो खोलीच्या मध्यभागी न ठेवता, तुळया जेथे भिंतीत शिरतात त्या कोपऱ्यात ठेविला; तेथे जमीन कमी हलते. मग आमच्यापैकी एक जण वहिनींच्या खाटेशी बसला आणि दुसरा माडीवर. चौथऱ्यावाचून वाजविले तेव्हा उशाच्या फुलपात्रातील पाणी थरथरत होते. चौथऱ्यावर वाजविले तेव्हा ते स्थिर राहिले. कान दिला तरच दूरवर कुणी पोहे कांडीत असल्यासारखे काही जाणवे. तेव्हा आम्ही दुसऱ्या संचाचे पैसे भरले.

हिशेबाविषयीही दोन शब्द. जाहिरातीतील किंमत ही संचाची असते, सरावाची नव्हे. बसावयाचे स्टूल बहुधा वेगळे घ्यावे लागते, आणि घरातील खुर्ची त्याचे काम करीत नाही. हात असलेल्या खुर्चीत कोपर अडते, आणि उंची बदलता न आल्याने मांडी व पाय यांचा कोन बिघडतो. काठ्यांच्या दोन जोड्या, चौथरा आणि चांगला हेडफोन धरून एकूण रकमेचा पाचवा भाग तरी राखून ठेवावा. हेडफोन तारेचाच असावा. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, आणि लयीच्या वाद्यात तो किंचितच सर्वनाशी ठरतो. हात एकीकडे आणि ठोका दुसरीकडे. आवाज किती ठेवावा यासही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मानकात मुलांसाठी आठवड्यास चाळीस तास, तेही ७५ डेसिबलपर्यंतच, अशी सीमा सांगितली आहे. आम्ही मॉड्यूलच्या बटणापाशी रंगीत कागदाची एक खूण चिकटविली आहे. तिच्यापुढे बटण जात नाही.

संच घरी आल्यावर आमच्या स्नेह्यांपैकी एकांनी विचारले, “याला वाद्य म्हणावयाचे काय?” प्रश्न इंदुरात विचारला गेला म्हणून त्याला वजन आहे. होळकर दरबारातील नाना पानसे यांच्या नावाने पखवाजाचे घराणे याच गावातून नावारूपास आले. पखवाजाच्या डाव्या तोंडास दर वेळी ताजी कणीक लावावी लागते. किती लावावी हे बोटांस कळते, पुस्तकास नाही. आमच्या संचास असे काही लागत नाही, आणि वीज गेली की तो मुकाही होतो. पखवाजास पुन्हा पुडी चढविता येते. मॉड्यूल बिघडले तर भाग मिळतीलच असे नाही. पन्नास वर्षांनी हा संच पणतवंडांस वारसा म्हणून दाखविता येईल, असे आम्ही मानीत नाही. परंतु नवशिक्याच्या वाद्याकडून वारशाची अपेक्षा करणेच गैर आहे. त्याने दोन-तीन वर्षे कच्च्या हाताला खरे उत्तर द्यावे, हळू वाजविले तर हळू आणि चुकीचे वाजविले तर चुकीचे. एवढे त्याने केले तर आमच्या लेखी ते वाद्य आहे. स्वस्त संच निवडताना पैसे जेथे हात आणि पाय लागतात तेथे खर्चावेत, आवाजांच्या मोजदादीवर खर्चू नयेत. आवाज पुढे संगणकाला तार जोडूनही आणता येतात.

मुलगी रोज सायंकाळी पंचवीस मिनिटे वाजविते आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण करते. आम्हांस ऐकू येते ती केवळ जाळीवरची टपटप. दिवाळीनंतर एका दुपारी खालून वहिनींचा निरोप आला, “पोर वाजवायची थांबली का? काहीच कसं ऐकू येत नाही?” तेव्हापासून दर रविवारी पाच वाजता आम्ही हेडफोनची तार काढतो, लहानसा स्पीकर जोडतो आणि जिन्याचे दार उघडे ठेवतो. पंधरा मिनिटे होतात. वहिनी उजव्या हाताने खाटेच्या कडेवर ठेका धरतात. तो अनेकदा चुकतो, आणि वर वाजविणारीला ते ऐकू जात नाही. वाद्यवृंदातील जागेचा निर्णय जूनमध्ये व्हावयाचा आहे.