पेट्रोल जीपला डिझेल इंजिन : खरं काम टाकीपासून
जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवलं. इंजिनापेक्षा जास्त वेळ लाइनला गेला. कार्बोरेटरला टाकीतून एकच पाइप पुरतो. डिझेलला पंप आणि नोझलचं उरलेलं तेल परत टाकीत न्यावं लागतं, म्हणून रिटर्नचा दुसरा पाइप टाकला. त्याचं तोंड ओढीच्या पाइपापासून लांब ठेवलं, नाहीतर फेस ओढला जातो. टाकी उतरवून गंज काढला, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावला, क्लिपा नव्या घातल्या. ओढीच्या बाजूला बारीक फट असली तर चालू गाडीत तेल गळताना दिसत नाही, हवा मात्र आत शिरते आणि माल भरलेली गाडी चढावर बंद पडते. शेवटी हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली.

आणि हो, आधी आरटीओची परवानगी घ्या. आरसीवर पेट्रोलच राहिलं तर अपघातात विमा अडू शकतो.