सस्काटूनचा बायोडेटा

हल्ली कुठलंही फळ घरात शिरताना लग्नाच्या स्थळासारखं बायोडेटा घेऊनच येतं. तंतू इतके, लोह अमुक, अँटिऑक्सिडंट तमुक; स्वभावाबद्दल मात्र चकार शब्द नाही. कॅनडातल्या आमच्या कॅल्गरीत मराठी मंडळी जमली आणि आरती आटोपली, की पन्नाशीपुढच्या घोळक्यात पहिला विषय एचबीएवनसीचा, म्हणजे साखरेच्या चाचणीचा, निघतो आणि दुसरा, सध्या कोण कुठली पावडर घेतंय याचा. मेथी झाली, जांभळाच्या बियांची झाली. आता सस्काटूनची आली आहे. ‘‘रोज सकाळी दह्यातून चमचाभर, बस्स. साखर आटोक्यात,’’ असं एका काकांनी इतक्या ठामपणे सांगितलं, की मला त्यांचा रिपोर्टच बघावासा वाटला. तोंडात दुसरा मोदक होता, म्हणून मागितला नाही.

सस्काटून हे इथल्या माळरानांचं, प्रेअरीचं फळ. सीमेपलीकडे अमेरिकेत या कुळातल्या झुडपांना सर्व्हिसबेरी म्हणतात, कुठे जूनबेरी, कुठे शॅडबुश. शास्त्रज्ञांच्या वहीत सगळी अमेलँकियर. शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतातलं सस्काटून शहर १८८३मध्ये दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनी वसवलं आणि त्याला या फळाचं, इथल्या मूळच्या क्री लोकांच्या भाषेतलं नाव दिलं. आज त्या फळाची वाइनही निघते. संस्थापकांच्या आत्म्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

बेरी म्हणतात, पण ही बेरी नव्हे. एक फळ चिमटीत धरून उलटं करून पाहा. आकार मोठ्या वाटाण्याएवढा. देठाच्या दुसऱ्या टोकाला वाळक्या निदलांचा पाचटोकी मुकुट. सफरचंदाच्या बुडाशी असतो तोच, कारण दोघंही गुलाबाच्या कुळातले चुलतभाऊ. अंगावर पांढुरकी भुकटी असते. बोट लागलं की ती पुसली जाते आणि खालून काळा-जांभळा रंग चमकतो. चावलं की आधी गोड गर लागतो आणि मग दाताखाली मऊ बिया. त्या फुटल्या की जिभेवर बदामाचा वास दरवळतो. हा वास उगाच येत नाही. कडू बदामात सायनाइड सोडणारी जी द्रव्यं असतात, त्यांचेच भाऊबंद या झुडपात आहेत. पानांत आणि कोवळ्या फांद्यांत ती जास्त, म्हणून गुरांनी या झुडपांवर ताव मारला तर ती दगावू शकतात. पिकल्या फळाचं तसं नाही. ते माणसं हजारो वर्षं खात आली आहेत, आणि शिजवल्यावर-वाळवल्यावर ती द्रव्यं आणखी कमी होतात. तरी २००४मध्ये ब्रिटनच्या अन्नखात्याने ‘हे आमच्याकडे नवखं खाद्य आहे’ म्हणून त्याची विक्री काही काळ थांबवली होती. युरोपच्या दप्तरात नोंद नसली की वस्तू नवखी ठरते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

आता बायोडेटा. शंभर ग्रॅम ताज्या फळात सुमारे ८५ कॅलरी आणि सहाएक ग्रॅम तंतू असतात. तंतूंचा आकडा खरोखर चांगला आहे. एवढ्याच वजनाच्या सफरचंदात त्याच्या निम्मेही नसतात. लोह जवळपास एक मिलिग्रॅम, मँगनीज भरपूर. ‘क’ जीवनसत्त्व मात्र अगदी नावाला, तीन-चार मिलिग्रॅम. आपला साधा पेरू दोनशेच्या वर देतो. शिवाय या फळाला आंबटपणा कमी, म्हणून पायच्या सारणात लिंबू पिळावंच लागतं. म्हणजे पायमधून थोडंफार ‘क’ मिळालंच, तर त्याचं श्रेय लिंबाला.

सगळा बोलबाला आहे तो रंगाचा. तो जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. जांभूळ आणि काळ्या द्राक्षातही हीच मंडळी. विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना चरबी आणि साखरेचा मारा करून लठ्ठ केलं आणि काहींच्या खाण्यात सस्काटूनची भुकटी मिसळली. भुकटीवाल्यांची रक्तशर्करा आणि चरबी कमी राहिली, दाह कमी झाला, आतड्यातले जिवाणूही बदलले. काम चोख आहे. पण उंदराला पिंजऱ्यात जे वाढाल तेच तो खातो. दुसरा मोदक त्याच्या नशिबी नसतो. त्या निष्कर्षावरून काकांच्या चमच्यापर्यंत उडी मारायची, तर मधे बरीच मोठी दरी आहे.

या फळाची खरी पुण्याई मला दिसते ती जुन्या लोकांच्या साठवणीत. ऑगस्ट १८०५मध्ये अमेरिकन शोधप्रवासी मेरिवेदर लुईस रॉकी पर्वतात शोशोनी लोकांकडे पोहोचला, तेव्हा त्यांच्याकडे पाहुण्याला द्यायला होत्या त्या सर्व्हिसबेरी आणि चोकचेरीच्या, उन्हात वाळवलेल्या वड्या. उत्तरेकडच्या माळांवर क्री आणि मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाच्या) बायका पेमिकन करत. गव्याचं, म्हणजे बायसनचं मांस पातळ कापून वाळवायचं, कुटून त्याचा भुगा करायचा, त्यावर वितळलेली चरबी ओतायची. हात सढळ असला तर त्यात वाळलेली सस्काटून. गव्याच्याच कातड्याच्या पिशवीत ठासून भरायचं. एकेक पिशवी चाळीसएक किलोची, आणि आतला माल वर्षानुवर्षं टिकणारा. फरचा सगळा व्यापार या पेमिकनवर चालला. १८१४मध्ये रेड रिव्हर वसाहतीच्या गव्हर्नराने ते बाहेर न्यायला बंदी केली, तेव्हा मेटींनी ती जुमानली नाही. पेटत गेलेल्या त्या भांडणाने दोन वर्षांनी सेव्हन ओक्सला रक्त सांडलं. एका शिदोरीवरून एवढं रामायण.

ब्रिटिश कोलंबियातल्या ओकानागन खोऱ्यातले सिल्क लोक तर या फळाला चार अन्न-सरदारांपैकी एक मानतात. काळं अस्वल, सॅमन मासा, बिटररूटचा कंद आणि सस्काटून. माणूस नावाचा दुबळा प्राणी पृथ्वीवर यायचा होता, तेव्हा त्याचं पोट कसं भरायचं यावर या चौघांनी खल केला, अशी कथा आहे. जमिनीवर पानाफळांनी जे जे वाढतं, त्या सगळ्याच्या वतीने सभेत सस्काटून बसली होती. कुणी पौष्टिकता मोजली नव्हती, पण मान कुणाला द्यायचा हे सिल्क लोकांना पक्कं ठाऊक होतं.

मग गवे संपले. १८८०च्या आसपास माळ ओस पडला, इथली मूळ माणसं राखीव जमिनींवर कोंडली गेली आणि शिधा म्हणून मैदा आणि खारवलेलं डुकराचं मांस मिळू लागलं. आज फर्स्ट नेशन्स म्हणवणाऱ्या या मूळ लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण इतर कॅनेडियनांपेक्षा कितीतरी जास्त आहे. झुडपं कुठे गेली नव्हती. ती त्याच ओढ्यांच्या काठी उभी होती. गेलं ते त्यांच्याभोवतीचं रांधणं, हिंडणं आणि त्यासाठीचा माळ. म्हणूनच या फळातून एखादं द्रव्य वेगळं काढून डबीत भरलं की औषध झालं, हे मला पटत नाही. फळाचा गुण खाणाऱ्याच्या दिवसात मुरतो. किती चाललात, सोबत काय खाल्लंत, त्यासाठी ताटातलं काय काढलंत, यावर तो ठरतो. करवंदं खाऊन कुणाचं लोह वाढलं असेल, तर त्यात जाळीपर्यंतच्या चढाचाही वाटा धरावा लागेल.

शहराबाहेर अशा बागा आहेत, जिथे बादली हातात देतात आणि आपली फळं आपणच खुडायची असतात. स्मोकी, नॉर्थलाइन, थिसेन अशी वाणांची नावं. मला स्मोकी आवडते; गोड आहे आणि नखरे नाहीत. घोसातली फळं एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून एकेक पाहून काढावं लागतं, आणि वेगात आपण वॅक्सविंग पक्ष्यांपुढे हमखास हरतो. घरी आणल्यावर धुऊन, निथळून ताटात एकेरी पसरून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि कडक झाली की पिशवीत भरायची. मग ढेकूळ होत नाही. जानेवारीत उणे तीसला मूठभर काढून नाचणीच्या खिरीत टाकली, की खीर जांभळी होते. मुलं रंगाला भुलून खातात, आपण चवीला.

गंमत म्हणजे हे झाड ज्यांच्या दारात असतं त्यांनाही ते ठाऊक नसतं. उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत ते वसंतातल्या पांढऱ्या फुलांसाठी आणि पानगळीच्या रंगासाठी रस्त्याकडेला लावलेलं आहे. वाचनालयाच्या पार्किंगमध्ये फळं गळून फरशी जांभळी होते, आणि लोक बूट वाचवत आत जातात. तुम्ही किंवा तुमची मुलं तिकडे असाल, तर एकदा थांबून फळाच्या टोकाचा तो मुकुट बघा, जाणत्याला विचारून खात्री करा आणि मगच तोंडात टाका. प्रेअरीवर हंगाम साधारण जुलैचा, पुरता महिनाही टिकत नाही. बागेत जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि लांब बाह्यांचं काहीतरी घाला. डास फार असतात.