खाऊ घेऊन जा, पण मानाने!

दरवर्षी १४ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराकडे माणसांची रीघ लागते. नांदेड, परभणी, बीड, जालना अशा ठिकठिकाणांहून लेकुरवाळ्या भगिनी आणि म्हातारी माणसे येतात. अभिवादन होते, पुस्तके घेतली जातात, भाषणे ऐकली जातात आणि संध्याकाळच्या एस.टी.ने मंडळी परततात. शहर पाहायचे राहूनच जाते. घरी वाट पाहणाऱ्या लेकरांच्या हाती पडतो तो बिस्किटाचा पुडा! तो तर गावच्या दुकानातही मिळतो. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादच्या, गोडाधोडाची ही थोडी ओळख आम्ही करून देत आहोत.

प्रथम गुलमंडीला जावे. पैठण गेटकडून चालत गेले की जुन्या बाजारपेठेचा हा भाग लागतो. येथील इमरती प्रसिद्ध आहे. पुष्कळजण तिला जिलेबीच समजतात, पण दोन्हींत फरक आहे. जिलेबी आंबवलेल्या मैद्याची, तर इमरती उडदाच्या डाळीची. डाळ भिजवून वाटायची, हलकी होईतो फेटायची आणि फडक्याच्या छिद्रातून कढईत फुलासारखी वळणे घालायची. तळून पाकात टाकली की झाली इमरती. ती गरम असतानाच खावी. घरी न्यायची तर पाव किलो पुरे.

तेथून सिटी चौक व शहागंजकडे वळावे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या काळाच्या खुणा जशा दरवाजांत आहेत, तशा ताटातही आहेत. मुस्लिम बांधवांच्या लग्नात पावाचे तुकडे तळून दुधासाखरेत मुरवलेला ‘डबल का मीठा’ असतो, सुक्या जर्दाळूंचा ‘खुबानी का मीठा’ असतो. रमजानच्या दिवसांत या भागात शेवया आणि खजुराचे ढीग लागतात. ईदेला शेजाऱ्याकडून शीरखुर्म्याची वाटी येते आणि बुद्धपौर्णिमेला आपल्याकडून खिरीचा डबा जातो. ही देवाणघेवाण मोडू देऊ नये, असे आम्हांस वाटते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विद्यापीठामागील बुद्ध लेणीवर वंदनेसाठी येणाऱ्यांना आणखी एक मेवा मिळतो, तो म्हणजे दौलताबादचे सीताफळ. वेरूळच्या रस्त्याला किल्ल्याच्या आसपास टोपल्या मांडून विक्रेते बसलेले असतात. फळ घेताना मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला निघाले असता याच किल्ल्यापाशी थांबले होते. प्रवासाची धूळ धुण्यासाठी काहींनी तेथील हौदाचे पाणी घेतले, तर पाणी बाटवले म्हणून आरडाओरडा झाला. पुढे किल्ल्यात पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई देण्यात आला. आज त्याच रस्त्यावर आपले मूल टोपलीतले हवे ते फळ स्वतः निवडते. हे आपोआप झालेले नाही.

गोडाचा आणि मानाचा संबंध आपल्या आज्या-पणज्यांना चांगला ठाऊक होता. सणाच्या दिवशी पुरणपोळी मिळायची, पण ती दारोदार मागून, वरून टाकलेली आणि बहुधा शिळी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे सोडण्याचा उपदेश केला. तो मानणाऱ्या बायांनी पोळीवर पाणी सोडले आणि मजुरीच्या पैशातून आणलेल्या गुळाची लापशी चुलीवर शिजवली. ती पातळ असेल, तूप नसेल. पण ती स्वतःची होती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. ते घराघरांत वाचले जावे.

आता तिळगुळाविषयी. १४ जानेवारी हा संक्रांतीचाही दिवस. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे त्या दिवशी म्हणतात. गोड बोलण्याचा उपदेश आपल्या समाजाला कमी झाला नाही! परंतु २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगाव आपली घरे जळाली. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांसारख्यांनी प्राण दिले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. हक्क मिळाला तेव्हा कुठे तोंड गोड झाले. काहीजण विचारतात, बौद्धांनी तिळाचे लाडू खावेत काय? आमचे मत असे की, वाणवसा, पूजाअर्चा आपण सोडली आहे. तीळ आणि गूळ हे मात्र थंडीतले अंगाला ऊब देणारे अन्न आहे. त्यावर कोणत्याही देवाची मालकी नाही.

सर्वांत शेवटी खीर. उरुवेलेत सुजाताने दिलेली खीर सिद्धार्थ गौतमांनी ग्रहण केली. बुद्धपौर्णिमेला विहारात खिरीचे पातेले चढते ते त्या आठवणीने. त्या खिरीत काजू-बदाम किती, याला महत्त्व नाही. सर्वांना एकाच पातेल्यातून आणि एकाच रांगेत मिळते, हेच तिचे मोल.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या १४ जानेवारीला एक तास शहरासाठी राखून ठेवा. पिशवीत आधी पुस्तक घाला, मग इमरतीचा पुडा. कुठे रस्त्याकडेला एखादी भगिनी घरचे लाडू विकत असेल, तर तिच्याकडूनही घ्या. आणि घरी पुडा सोडताना लेकरांना सांगा, की हा खाऊ आपण मागून आणलेला नाही, आपल्या कमाईतून विकत आणला आहे.